सोलापूरची जुनी गिरणी : व्यवस्थापनाच्या प्रश्नाचा इतिहास

सोलापूर शहरातील पहिली यांत्रिक कापडगिरणी. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ही गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे शहरात इतर गिरण्या निघाल्यावर तिला ‘जुनी गिरणी’ अथवा ‘जुनी मिल’ हे नाव पडले. भारतीय उद्योगधंद्यांच्या इतिहासात तिला जे वेगळे स्थान मिळाले, ते मुख्यतः १९४९ मध्ये ती बंद पडल्यानंतर उद्‌भवलेल्या वादामुळे. उद्योग कोणाचा आणि तो चालविण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला पहिला महत्त्वाचा खटला याच गिरणीतून उभा राहिला. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक आज ज्या प्रश्नांची चर्चा करतात, त्यांपैकी अनेक प्रश्न सोलापूरच्या कामगारांपुढे प्रत्यक्ष बेकारीच्या रूपाने तेव्हाच येऊन ठाकले होते.

पार्श्वभूमी : लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. कापसाचा परिसर, मुंबईशी झालेला थेट संबंध आणि तेलंगणातून येऊन स्थायिक झालेले कुशल पद्मशाली विणकर यांमुळे शहर वस्त्रोद्योगास अनुकूल होते. मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने ही गिरणी उभी राहिली. १८७६–७७ च्या दुष्काळाने ग्रामीण भागातील अनेक कुटुंबे त्याच सुमारास कामाच्या शोधात बाहेर पडली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मी व नरसिंग गिरजी, तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णू व जाम या गिरण्यांची भर पडली. मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषा बोलणारा कामगारवर्ग एका भोंग्यावर कामास येऊ लागला आणि शहराचे जीवन त्या भोंग्याशी बांधले गेले.

व्यवस्थापन अभिकर्ता पद्धती : त्या काळातील बहुतेक भारतीय गिरण्यांप्रमाणे सोलापूरच्या गिरण्यांचा कारभारही व्यवस्थापन अभिकर्त्यांकडे असे. एखादी पेढी कंपनी स्थापन करी, भाग विकून भांडवल उभारी आणि दीर्घ मुदतीच्या कराराने कंपनीचा कारभार स्वतःकडे ठेवी. भांडवलाची बाजारपेठ अविकसित असताना या पद्धतीमुळेच कारखाने उभे राहू शकले, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. तथापि पेढीचे हित आणि कंपनीचे हित एकच असते असे नाही. मोबदला नफ्यावर न आकारता उत्पादनावर वा विक्रीवर आकारल्यास गिरणी तोट्यात असतानाही पेढीचे उत्पन्न चालू राहते. जुनी यंत्रे बदलण्यापेक्षा ती चालतील तितके दिवस चालविण्याकडे कल होतो. पी. एस्. लोकनाथन यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या पद्धतीचे गुणदोष तपशीलाने मांडले. १९३६ च्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीने अभिकर्त्यांची मुदत व मोबदला यांवर मर्यादा आणल्या. पद्धती मात्र १९७० मध्ये संपुष्टात आली.

गिरणीच्या आतील व्यवस्थाही मध्यस्थांवरच अवलंबून होती. कामगारांची भरती, बढती व कपात जॉबरच्या हाती असे. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात ही प्रथा मोडून भरतीचे काम जबाबदार कामगार अधिकाऱ्याकडे सोपविण्याची शिफारस केली. सोलापुरात १९२० व १९३४ मध्ये मोठे संप झाले. दोन्हींच्या मुळाशी वेतनाचा प्रश्न होता. परंतु वेतन ठरविणारा मालक कामगाराला दिसत नसे, दिसत असे तो केवळ जॉबर.

गिरणी बंद पडते : २७ जुलै १९४९ रोजी संचालकांनी कामगारांना गिरणी बंद करण्याची नोटीस दिली आणि २७ ऑगस्ट रोजी ती प्रत्यक्षात बंद झाली. हजारो कुटुंबांची उपजीविका एका दिवसात थांबली. कापडाची टंचाई असतानाच्या काळात झालेली ही टाळेबंदी गैरव्यवस्थापन व हेळसांड यांमुळे ओढवली, असे शासनाचे मत होते. ९ जानेवारी १९५० रोजी केवळ या एका कंपनीसाठी वटहुकूम काढण्यात आला. एप्रिलमध्ये त्याची जागा संसदेच्या अधिनियमाने घेतली. त्यान्वये जुने संचालक मंडळ व व्यवस्थापन अभिकर्त्यांचा करार संपुष्टात आला आणि शासननियुक्त संचालक कारभार पाहू लागले. भाग भागधारकांकडेच राहिले. मात्र संचालक निवडण्याचा त्यांचा अधिकार स्थगित झाला.

दोन निर्णय : एका भागधारकाने या अधिनियमास आव्हान दिले. चरणजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ डिसेंबर १९५० रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने अधिनियम वैध ठरविला. विशेष परिस्थिती असल्यास एकाच कंपनीसाठीही कायदा करता येतो आणि भागधारकाची मालमत्ता, म्हणजे त्याचा भाग, त्याच्याकडेच आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. पुढे नव्या संचालकांनी अग्रहक्क भागांवरील उर्वरित रक्कम भागधारकांकडे मागितली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास यांनी ती देण्यास नकार दिला. त्यांच्या खटल्यात १८ डिसेंबर १९५३ रोजी न्यायालयाने वेगळा निष्कर्ष काढला : मालकीहक्क कागदावर ठेवून कारभार व वापर काढून घेणे म्हणजे भरपाईविना मालमत्ता हिरावून घेणेच होय. मालकी आणि नियंत्रण या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात काय, हा प्रश्न तीन वर्षांच्या अंतराने दोनदा विचारला गेला आणि दोन निराळी उत्तरे मिळाली.

या निर्णयांचे परिणाम सोलापूरपुरते राहिले नाहीत. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमात १९५३ मध्ये दुरुस्ती होऊन गैरव्यवस्थापित उद्योगाचा कारभार हाती घेण्याची सर्वसाधारण तरतूद झाली. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने, सार्वजनिक हितासाठी किंवा योग्य व्यवस्थापनासाठी मर्यादित काळापुरता कारभार हाती घेणाऱ्या कायद्यांना अनुच्छेद ३१ अ अन्वये संरक्षण दिले. १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग निगम स्थापन झाला व १९७४ च्या अधिनियमाने १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले.

तज्ज्ञांचे दृष्टिकोन : जुनी गिरणी बंद पडली त्याच वर्षी, १९४९ मध्ये, जमशेटपूर येथे झेवियर कामगार संबंध संस्था सुरू झाली. १९६१ मध्ये कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था, तर १९६५ मध्ये मुंबईत जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था निघाली. कायद्याने संचालकांच्या खुर्चीत कोण बसतो हे पाहिले होते. या नव्या शास्त्राने यंत्राजवळ काम कसे वाटले जाते हे पाहिले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत केलेला प्रयोग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतके वाढत नव्हते. कामगार विखुरलेले एकेकटे काम करीत होते. त्यांचे छोटे गट करून प्रत्येक गटाकडे ठराविक मागांची संपूर्ण जबाबदारी दिल्यावर उत्पादन वाढले व कापडातील दोष कमी झाले. यंत्र नवे आणले तरी कामाची रचना जुनीच राहिल्यास त्याचा लाभ मिळत नाही, हा त्याचा निष्कर्ष.

महाराष्ट्रातील अर्थशास्त्रज्ञांनी शहराकडे अधिक व्यापक दृष्टीने पाहिले. धनंजयराव गाडगीळ यांच्या संचालकत्वाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने सोलापूरचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला. तो १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये ग्रामोद्योग व लघुउद्योगांचा विचार करताना, तंत्र सुधारावे पण त्यापायी बेकारी वाढू नये, ही भूमिका घेतली. त्याआधी कानुनगो समितीने (१९५४) हातमागांचे क्रमाक्रमाने यंत्रमागांत रूपांतर करण्याकडे कल दाखविला होता. सोलापूरच्या विणकरांनी समित्यांची वाट पाहिली नाही. धावता धोटा त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत स्वीकारला होता. पुढे यंत्रमागही स्वीकारले.

उत्तरकाल : शासकीय कारभारानेही जुनी गिरणी तरली नाही, १९६० च्या दशकात ती कायमची बंद पडली. नरसिंग गिरजी गिरणी महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली; तीही पुढे बंद झाली. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी, यंत्रमाग व हातमाग यांतील भेद धोरणापुरता मिटविला. उत्पादन लहान कारखान्यांत गेले. सोलापुरी चादर व टॉवेल यांना भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. अनेक कष्टकरी कुटुंबांतील स्त्रिया घरी विडी वळून संसार चालवीत राहिल्या.

मूल्यमापन : जुन्या गिरणीचा इतिहास दोन गोष्टी दाखवितो. व्यवस्थापक बदलण्याचा अधिकार कायद्याने मिळू शकतो. यंत्रांचे नूतनीकरण, बाजारपेठ व कामाची रचना कायद्याने मिळत नाही. दुसरे असे की, गिरणी कितीही सदोष असली तरी तिला नोंदलेला मालक, हजेरीपट व संघटित कामगार होते; म्हणूनच तिचे बंद पडणे हा सार्वजनिक प्रश्न ठरू शकला. लहान कारखाना वा घरातील काम थांबते तेव्हा वटहुकूम निघत नाही आणि खटलाही उभा राहत नाही. १९४९ मध्ये भोंगा थांबला तेव्हा तो साऱ्या देशाने ऐकला. त्यानंतर काम ज्या घरांत व खोल्यांत विखुरले, तेथे भोंगाच नाही. म्हणून तेथील कामगाराची गणना, वेतन व सुरक्षितता हाच आज व्यवस्थापनशास्त्रापुढील व शासनापुढील अधिक कठीण प्रश्न होय.