वळिवड्याची मुले, इटलीतले बाप

दुसरे महायुद्ध आपल्या वऱ्हाडातल्या कामरगावासारख्या गावी पोचले, ते मुख्यतः रॉकेल, कापड नि धान्य यांच्या टंचाईच्या रूपाने. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला मात्र त्याने चक्क माणसेच आणून सोडली. १९४३ साली तेथे पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. माणसे सुमारे ५,०००. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. मग पुरुष होते कोठे?

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९४० साली सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले. कित्येक तेथेच दगावले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच स्वारी केली, तेव्हा उरलेल्यांतील पुष्कळांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी त्यांतून फौज उभारली. १९४२ मध्ये ती इराणात उतरली, अन् तिच्याबरोबर कुटुंबेही. पुढे सैनिक गेले लढाईवर, आणि बायकामुलांपैकी काही आली वळिवड्याला.

छावणीत पोलिश शाळा होत्या, चर्च होते, नाटकेही होत. तिकडे १८ मे १९४४ रोजी या फौजेने इटलीत मोंते कासिनोच्या मठावर आपले निशाण लावले. आणि गंमत पाहा, त्याच इटलीत आपले मराठा सैनिकही लढत होते. १० जुलै १९४४ रोजी यशवंत घाडगे तेथेच धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी शेजारीच पोलिश पलटणीही ती नदी ओलांडीत होत्या. म्हणजे वळिवड्यातले पोलिश पोर काय, अन् सह्याद्रीच्या कुशीतले मराठा पोर काय, दोघांचे डोळे एकाच मुलखातून येणाऱ्या टपालाकडे!

पण पुढे वाटा फुटल्या. मराठा शिपाई जगला-वाचला, तर त्याला परतायला गाव होते. पोलिश शिपाई जिंकूनही बेघर झाला; कारण १९४५ च्या याल्टा परिषदेत त्याचा पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडेच राहिला. १९४८ मध्ये छावणी मोडली. पुष्कळ मुले वडिलांपाठोपाठ इंग्लंडला गेली, बाकीची जगभर पांगली. त्यांचे माहेर म्हणावे असे वळिवडेच उरले. म्हाताऱ्या वयातही त्यांतील कित्येकजण ते पाहायला मुद्दाम येत राहिले.

आणि ती जागा? फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित वसले. आजचे गांधीनगर ते हेच. एकांचे घर सुटले, दुसऱ्यांचे उभे राहिले, भूमी तीच.