'क्रिस्तपुराणा'तील अनामिक ब्राह्मण

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. त्यातील व्यक्तिरेखांचा विचार करताना आम्ही मरियेपाशी, फार तर यूदापाशी थांबतो. वास्तविक ग्रंथाचे दार उघडतो तो पहिल्या अवस्वरातील अनामिक ब्राह्मण. जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत; मग आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही, असे तो पाद्रींना विचारतो. प्रश्नात तक्रार आहे, भूकही आहे. जन्माने इंग्रज असलेल्या स्टीफन्सांनी ती ओळखली आणि दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या. (लिपी मात्र रोमन!)

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील धर्मग्रामांत कोकणी, मलयाळी, तामिळ घरे मराठी घरांशेजारी नांदतात. मिस्सा कोणत्या भाषेत, हा वाद निघाला की आम्हांस तो ब्राह्मण आठवतो. त्याला उत्तर मिळाले होते.