अब्दुल्लापूरमेटच्या माळावरची महिष्मती

हैदराबादहून विजयवाड्याच्या रस्त्याला लागले की हयातनगर मागे पडते, वस्ती विरळ होते आणि खडकाळ टेकड्या सुरू होतात. शहरापासून जेमतेम तीस किलोमीटरवर, अब्दुल्लापूरमेटच्या या टेकड्यांत १९९६ साली रामोजी फिल्म सिटी उभी राहिली. गेल्या तीन दशकांत या माळावर कितीतरी गावे वसली आणि मोडली. त्यातल्या एका राजधानीचे नाव मात्र घरोघरी पोचले. या संस्थेची वाटचाल सांगायची, तर ती त्या राजधानीच्या तटबंदीपर्यंत जाऊनच सांगावी लागते.

चेरुकुरी रामोजी राव यांचा जन्म १९३६ सालचा, कृष्णा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातला. आधी चिटफंड, मग १९७४ साली विशाखापट्टणमहून ‘ईनाडू’ हे दैनिक, पुढे लोणची-मसाले आणि १९८३ साली ‘उषाकिरण मूव्हीज’ ही चित्रपटसंस्था, अशा पायऱ्या ते चढत गेले. तेलुगू चित्रपटाचे बिऱ्हाड तोवर मद्रासहून हैदराबादला हलू लागले होते. शहरात स्टुडिओही होते. पण रेल्वे स्थानक हवे तर रेल्वेची परवानगी काढा, इस्पितळ हवे तर रुग्णांना बाजूला सारा, रस्ता हवा तर बघ्यांची गर्दी आवरा, ही निर्मात्याच्या मागची कटकट संपत नव्हती. रामोजी रावांनी त्यावर एकच तोडगा काढला. हे सगळे एका कुंपणाच्या आत बांधायचे. निर्मात्याने कथा घेऊन यावे आणि तयार चित्रपट घेऊन जावे.

कलादिग्दर्शक नीतीश रॉय यांच्या आराखड्यातून या नगरीने आकार घेतला. विमानतळ, तुरुंग, मंदिर, स्थानक, परदेशी थाटाची गल्ली, मुघल पद्धतीची बाग असे सगळे हाकेच्या अंतरावर आले. इथल्या कित्येक इमारती पुढून एक आणि मागून भलतेच काही असतात. नगररचनेचा हा उलटा प्रकार. खरे गाव पाण्याच्या कडेने, बाजाराच्या ओढीने, वाटांच्या फाट्यावर वाढते. हे गाव कॅमेरा कुठे ठेवायचा यावरून वाढले. जगातला सर्वांत मोठा स्टुडिओ म्हणून गिनेस बुकात नोंद झाली, ती १,६६६ एकरांची.

या वाटचालीत मराठी माणसाचा एक अध्याय आहे. जुलै २००० मध्ये रामोजी रावांची ‘ईटीव्ही मराठी’ ही वाहिनी सुरू झाली, ती याच आवारातून. महाराष्ट्रातल्या बातम्या तेलुगू मुलखातून वाचल्या जाऊ लागल्या. नांदेड, लातूर, सोलापूर, नाशिककडची कितीतरी मुले इथे वृत्तनिवेदक, उपसंपादक, व्हिडिओ एडिटर म्हणून आली आणि ज्वारीच्या भाकरीची आठवण काढत सांबार-भातावर तयार झाली. २०१५ साली त्या वाहिनीचे ‘कलर्स मराठी’ झाले. २०१९ साली ‘ईटीव्ही भारत’ हे अनेक भाषांतले बातम्यांचे जाळे निघाले, तेव्हा मराठीचा कक्ष पुन्हा याच आवारात बसला.

तयार गल्ल्या भाड्याने देणारी संस्था अख्खी राज्ये उभी करू लागली, ती एस. एस. राजामौली यांच्या चित्रपटांमुळे. २००९ च्या ‘मगधीरा’त उदयगढ नावाचे राज्य आले. त्याचे काही चित्रीकरण इथे झाले, उरलेले संगणकावर रंगवले गेले आणि त्याला विशेष दृश्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात एकटा वीर शंभर जणांना अडवतो. ऐकायला थाप वाटते. पण जागा इतकी अरुंद, की शंभरांना एकदम अंगावर येताच येत नाही. १६६० साली बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली, त्यामागचा हिशेबही हाच होता. खिंडीत शत्रूची संख्या निरुपयोगी ठरते. कल्पित युद्ध पटते, ते भूगोल त्याच्या बाजूने उभा असतो तेव्हा.

त्यानंतर आली ‘बाहुबली’. जुलै २०१३ मध्ये कर्नूलजवळच्या खडकांत चित्रीकरणाचा मुहूर्त झाला आणि त्यातल्या महिष्मती या राजधानीचा मोठा भाग फिल्म सिटीत उभा राहिला. आराखडा साबू सिरिल यांचा. पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी आणि दुसरा २८ एप्रिल २०१७ रोजी आला. महिष्मती हे नाव पुराणातले; ते नगर म्हणजे नर्मदाकाठचे महेश्वर, असे बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे अहिल्याबाईंची राजधानी. पडद्यावरच्या महिष्मतीचा तिच्याशी नावापुरताच संबंध.

या पडद्यावरच्या राजधानीची नगररचना जरा तपासून पाहू. मध्यभागी डोंगराएवढा राजवाडा, समोर अफाट चौक, चौकात राजाचा पुतळा, सगळे रस्ते तिकडेच चढत जाणारे. सत्ता दाखवायला हे चोख आहे. पण धान्याची कोठारे, चाऱ्याच्या गंजी, तळी, पेठा जवळजवळ दिसतच नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांनी मराठी राजनीतीवरच्या आज्ञापत्रात किल्ल्याचे प्रकरण लिहिले, तिथे पहिला मुद्दा पाण्याचा आहे. झरा असला तरी त्यावर विसंबू नका, खडक फोडून टाकी खणा, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, असा त्यांचा सल्ला. या कसोटीवर महिष्मती पहिल्याच उन्हाळ्यात शरण आली असती.

राजधानी कशी आखावी, याचे उत्तर फिल्म सिटीपासून तासा-दीड तासावर आहे. कुतुबशहांच्या गोवळकोंडा किल्ल्यात दाटी झाली, पाणी पुरेना, तेव्हा १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशहाने मुसी नदीपलीकडे भागानगर, म्हणजे आजचे हैदराबाद, हे नवे शहर वसवले. आखणी मीर मोमिन यांची. चारमिनारच्या चौकातून चार दिशांना चार रस्ते. १६७७ साली शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीला आले, ते याच भागानगरात. या शहराला तेव्हा तट नव्हता. राहायला शहर आणि लढायला किल्ला, अशी सरळ वाटणी होती. १६८५ साली मोगल शहरात घुसले, तेव्हा अबुल हसन कुतुबशहाने गोवळकोंडा गाठला. शहराला तट चढला तो पुढे अठराव्या शतकात. महिष्मतीत या दोन गोष्टी एकाच ठिकाणी कोंबल्या आहेत. म्हणून ती शहर म्हणून उघडी आणि किल्ला म्हणून ऐसपैस दिसते.

आता युद्धाकडे. पहिल्या भागात महिष्मतीवर चालून येणाऱ्या कालकेयांची फौज तिच्या फौजेच्या कितीतरी पट. हाताशी तट असताना कमी फौजेचा सेनापती मैदानात उतरतो, हे शास्त्राला धरून नाही. १६८७ साली औरंगजेबासारख्या बादशहाला गोवळकोंड्याने सुमारे आठ महिने ताटकळत ठेवले. तिथल्या बालाहिसार या बालेकिल्ल्याच्या दरवाज्यासमोर आडवी भिंत आहे. तिला वळसा घातल्याशिवाय आत जाता येत नाही, त्यामुळे हत्तीला धाव घ्यायला जागाच राहत नाही. फतेह दरवाज्याच्या फळ्यांवर लोखंडी खिळे आहेत, तेही हत्तीसाठीच. मोगलांनी पेरलेले सुरुंग त्यांच्याच माणसांवर उलटले, पावसाने आणि दुष्काळाने छावणी हैराण झाली. शेवटी किल्ला पडला तो फितुरीने. आतल्या सरदाराने दिंडी उघडली. आठ महिन्यांची ही चिकाटी चित्रपटाच्या कामाची नाही. तिथे निकाल अर्ध्या तासात लागावा लागतो, म्हणून महिष्मतीचा त्रिशूळव्यूह मैदानात मांडला जातो.

तरीही त्या मैदानात एक गोष्ट अस्सल आहे. तिथले प्रत्येक हत्यार ते चालवणाऱ्याचा स्वभाव सांगते. महिष्मतीच्या सिंहासनाचे दोन दावेदार, भल्लालदेव आणि बाहुबली, इथे एकाच बाजूने लढतात. भल्लालदेवाच्या रथापुढे फिरती पाती आहेत. अजातशत्रूने वैशालीविरुद्ध रथमुसल वापरल्याची जैन परंपरा सांगते, तिचीच ही आठवण. चित्रीकरणातला रथ चालायचा बुलेट मोटारसायकलच्या इंजिनावर, चालक आत दडवून. कालकेय पकडलेल्या रयतेला ढालीसारखे पुढे करतात, तेव्हा हा रथ तिलाही कापत जातो. बाहुबली त्याच लोकांना दोरांनी पाडतो आणि वाचवतो. त्याच्या वाट्याला साधने कमी, म्हणून तो तेलात भिजवलेली कापडे शत्रूवर फेकून पेटवतो. सिंहासन कोणाला द्यायचे, याचा निकाल हत्यारांच्या निवडीनेच लागतो.

दुसऱ्या भागात कुंतल राज्यावर पेंढारी येतात. पेंढारी हे नाव आपल्याकडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले, त्यामुळे इतिहासाचा धागा तिथे तुटतो. पण त्यांना पळवायची युक्ती ओळखीची आहे. बैलांच्या शिंगांना आग लावून त्यांना शत्रूवर सोडतात. इसवी सनापूर्वी २१७ मध्ये हॅनिबलने शिंगांना पलिते बांधून रोमनांना चकवले. शायिस्तेखानावरच्या छाप्यानंतर, १६६३ साली, कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पोत बांधल्याची कथा तर आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. उलट शेवटच्या लढाईत माणसे ताडाच्या झाडावरून तट ओलांडून फेकली जातात, तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि विज्ञानाचा शिक्षक डोक्याला हात लावतो. बैल पटतात, ताड पटत नाही. कारण बैल भितो हे आपल्याला ठाऊक आहे आणि उंचावरून पडलेल्या माणसाचे काय होते हेही.

‘बाहुबली’नंतर संस्थेचे रूप पालटले. पहिल्या भागाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; दुसऱ्याच्या यशानंतर महिष्मतीचा सेट पर्यटकांना खुला झाला. चित्रीकरण संपले की मोडायचा सेट जपून ठेवावा लागला. पूर्वी पर्यटक चित्रीकरण बघायला येत, आता राजधानी बघायला येतात. रामोजी राव ८ जून २०२४ रोजी गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही भाग एकत्र करून ‘बाहुबली : द एपिक’ पडद्यावर आला, तेव्हा ती राजधानी पुन्हा बघायला ते नव्हते.

महिष्मतीत जे शोधून सापडत नाही, ते सगळे तिच्या पाठीमागे आहे. सेटच्या फायबरच्या भिंतीमागे सुतारांच्या कार्यशाळा आहेत, लाइटमनच्या केबली आहेत, युनिटला जेवण पोचवणाऱ्या गाड्या आहेत, कामगारांना शहरातून आणणाऱ्या बस आहेत, ‘सितारा’ आणि ‘तारा’ ही हॉटेले आहेत. एकाच वेळी पन्नासएक चित्रपटांचे काम चालेल अशी सोय असल्याचे संस्था सांगते. म्हणजे पन्नास छावण्यांना रोज पाणी, वीज, शिधा आणि वाट पुरवायची. अमात्यांनी किल्लेदाराकडून जी तजवीज मागितली, तीच ही. सिंहासनावर कोणी बसो, महिष्मतीचा खरा नगररचनाकार हा पुरवठा सांभाळणारा माणूस आहे, आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव सगळ्यात शेवटी, सगळ्यात बारीक अक्षरांत येते.