नॉर्डश्लायफेची एक फेरी

तुमच्या हातात फावडं आहे. साल 1925, पानगळीचे दिवस, जर्मनीच्या पश्चिमेचा आयफेल हा डोंगराळ मुलूख. महायुद्ध संपून सात वर्षं झाली, मार्कची किंमत मातीमोल होऊन दोन. इथली जमीन खडकाळ, हवा थंड, पावसाची भुरभुर सतत चालू. शेतीवर पोट भरत नाही आणि कारखाना जवळपास नाही. आडेनाउ जिल्ह्याचे प्रमुख ओटो क्रॉइट्झ यांनी खटपट करून सरकारी पैसा आणला आहे आणि तुमच्यासारख्या अडीच-तीन हजार माणसांच्या हाताला काम दिलं आहे. महाराष्ट्रात दुष्काळात रोजगार हमीची कामं निघायची, तसंच हे. फक्त इथे पाझर तलावाऐवजी रस्ता होतो आहे. न्युर्बुर्गच्या पडक्या किल्ल्याला वळसा घालून जिथून निघाला तिथेच परत येणारा रस्ता.

हा खटाटोप कशासाठी, तर आजवर मोटारींच्या शर्यती गावागावांतल्या रस्त्यांवरून होत, आणि त्या गावांना सोसत नव्हत्या. जर्मन कारखान्यांनाही आपल्या गाड्या चढ-उतारावर आणि वळणांवर पारखून बघायला जागा हवी होती. पण तुम्ही खोदत असलेल्या या रस्त्याचा एक तिसराही उपयोग सुरुवातीपासून ठरलेला आहे. शर्यत नसेल तेव्हा संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी कुणीही पैसे भरून आपली गाडी इथे आणायची. पथकर भरून जायचा एकेरी वाहतुकीचा सार्वजनिक रस्ता म्हणूनच तो जन्माला येतो आहे.

18 जून 1927 ला तो खुला होतो. पहिल्या दिवशी मोटारसायकली धावतात, दुसऱ्या दिवशी मोटारी. मोटारींच्या शर्यतीत रुडोल्फ काराचिओला मर्सिडीज घेऊन जिंकतो. पूर्ण वाट, म्हणजे न्युर्बुर्गरिंग, 28 किलोमीटरहून लांब आणि तिच्यातला उत्तरेकडचा मोठा फेरा 22.8 किलोमीटरचा. हाच नॉर्डश्लायफे. तुम्ही फोडलेले दगड आता डांबराखाली गेले आहेत.

फावडं खाली ठेवा. आता तुमच्या हातात पेन आहे, समोर कागद आहे आणि साल आजचं आहे.

न्युर्बुर्ग गावातल्या एका गॅरेजच्या टेबलाशी तुम्ही बसला आहात. फ्रांकफुर्टला विमानातून उतरून जी भाड्याची गाडी घेतलीत, ती बाहेर उभी आहे. तिच्या करारात शर्यतीच्या मार्गावर गाडी नेण्यास मनाई आहे. तो बारीक टाइप कुणी वाचत नाही, पण तिथे लिहिलेलं असतं. काही करारांत तर न्युर्बुर्गरिंगचं नाव घेऊन मनाई केलेली असते. मनाई मोडली की विम्याचं संरक्षण जातं, आणि मग नुकसान कितीही होवो, ते तुमचं. म्हणून तुम्ही दुसरी गाडी घेता, याच रस्त्यासाठी तयार करून भाड्याने दिली जाणारी. त्यात सगळ्यांत ओळखीचा चेहरा आहे सुझुकी स्विफ्टचा. आपल्याकडे दर चौथ्या गल्लीत दिसणारी ही गाडी इथे मागची सीट काढून, आत पोलादी पिंजरा बसवून, खोलगट सीट आणि चार-पदरी पट्टे लावून उभी असते. टायर जास्त पकड घेणारे, ब्रेकचे पॅड जास्त उष्णता सोसणारे.

सही करण्याआधी कागदावरचा आकडा नीट वाचा. गाडी ठोकली तर ठरलेल्या रकमेपर्यंतचं नुकसान तुम्ही भरायचं आणि ती रक्कम हजारो युरोंत असते. कठडा वाकला तर त्याच्या दुरुस्तीचं बिल येतं. गाडी उचलून नेल्याचं बिल येतं. तुमच्यामुळे रस्ता बंद ठेवावा लागला, तर त्याचेही पैसे लागतात. हे लिहिताना मला कुणाला घाबरवायचं नाही. परक्याची गाडी घेऊन परक्याच्या रस्त्यावर जाणाऱ्याने परतफेडीची ऐपत आधी तपासावी, एवढंच सांगायचं आहे. ती ऐपत नसेल, तर इथे प्रवाशाच्या सीटवर बसून फेरी मारण्याचीही सोय मिळते, आणि ती कमी दर्जाची मजा मुळीच नाही.

एका फेरीचे तीस-पस्तीस युरो भरून मिळालेलं कार्ड फाटकाला लावलं की आडवा दांडा वर जातो. आता या क्षणी लागू आहे तो जर्मनीचा नेहमीचा वाहतूक कायदा. उजवीकडून चालायचं, ओव्हरटेक फक्त डावीकडून. मागून वेगवान गाडी आली की उजवा इंडिकेटर देऊन उजव्या कडेला सरकायचं, म्हणजे त्याला साइड दिली. आपले हात उलट्या सवयीचे आहेत, आणि नेमकी इथे मराठी माणसाने सावध राहायची जागा आहे. घाबरलेला हात जुन्या सवयीकडे धावतो, आणि मागचा पोर्शवाला तुम्ही उजवीकडेच जाणार असं धरून चालतो. वेळ मोजायला बंदी आहे. घड्याळ लावायचं नाही, कुणाशी स्पर्धा करायची नाही, वाटेत थांबायचं नाही.

नॉर्डश्लायफेच्या पहिल्या वळणाला झाबिने श्मिट्झचं नाव आहे. गाडी तिथे पोचते आणि तुम्ही काही वर्षं मागे असता, तिच्या शेजारच्या सीटवर. ती याच न्युर्बुर्ग गावात, आईवडिलांच्या हॉटेलात वाढली. 1996 मध्ये तिने इथली चोवीस तासांची शर्यत जिंकली, ती जिंकणारी पहिली स्त्री, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. नंतरच्या वर्षांत ती बीएमडब्ल्यूमध्ये पैसे भरून येणाऱ्या लोकांना शेजारी बसवून इथे फिरवायची. हजारो फेऱ्या मारून तिला या रस्त्याचा कण न् कण माहीत झाला होता. ती हसत बोलत असते आणि तिचे हात स्टिअरिंगवर अगदी थोडे हलतात. ते बघून घ्या. नवशिक्याचे हात खूप हलतात. मार्च 2021 मध्ये कर्करोगाने ती गेली आणि त्याच वर्षी या वळणाला तिचं नाव मिळालं. या रस्त्याने दिलेल्या सगळ्या सन्मानांत मला हा सर्वांत योग्य वाटतो.

हात्सेनबाखची नागमोडी वळणं, मग फ्लुगप्लात्झचा उंचवटा. तिथे गाडी हलकी होते आणि पोटात खड्डा पडतो. श्वेडेनक्रॉइत्झ, आरेमबेर्ग, आणि मग फुक्सऱ्योरे, म्हणजे झाडीतून सरळ खाली कोसळणारा उतार. तळाशी गाडी दाबली जाते, मान खांद्यात रुतते आणि लगेच चढ सुरू होतो. याच पट्ट्यात तुम्ही काळात मागे सरकता. 4 ऑगस्ट 1957. कडेला कठडे नाहीत. आहेत ती कुंपणाची झुडपं, चर आणि झाडं. 46 वर्षांचा हुआन मानुएल फांजिओ लाल मासेराटी घेऊन तुमच्या शेजारून जातो. त्याने मुद्दाम टाकी अर्धीच भरून सुरुवात केली, मध्ये थांबून इंधन आणि टायर घेतले आणि त्यात पाऊण मिनिटाहून जास्त मागे पडला. पुढे दोन फेरारी आहेत, हॉथॉर्न आणि कॉलिन्स. मग तो फेरीमागून फेरी स्वतःचाच विक्रम मोडत जातो, 9 मिनिटं 17.4 सेकंदांपर्यंत. मागच्या वर्षीच्या विक्रमापेक्षा ही फेरी चोवीस सेकंदांनी वेगवान आहे. शेवटून दुसऱ्या फेरीत तो दोघांनाही मागे टाकतो. त्याची ती शेवटची ग्रां प्री विजयाची दुपार, आणि त्याच विजयाने त्याचं पाचवं विश्वविजेतेपद पक्कं होतं. हाच रस्ता इतर दिवशी पैसे भरणाऱ्या साध्या घरगुती गाड्यांचाही असतो. त्यांच्यासाठी कुणी वेगळं डांबर टाकलेलं नाही.

कठडे कधी आले? 1968 ची शर्यत धुक्यात आणि पावसात झाली. जॅकी स्टुअर्टने ती चार मिनिटांहून जास्त अंतराने जिंकली आणि या जागेला हिरवा नरक म्हटलं. 1970 मध्ये चालकांनी इथे धावायला नकार दिला, म्हणून त्या वर्षीची जर्मन ग्रां प्री हॉकेनहाइमला हलवावी लागली. मग उंचवटे सपाट केले, झाडं तोडली, लोखंडी कठडे ठोकले, आणि 1971 मध्ये फॉर्म्युला वन परत आलं. आज तुमच्या बिलावर ज्या कठड्याची किंमत लागते, त्यामागे ही माणसं आहेत.

आता उतार लागतो. कालेनहार्ड, वेअरझायफेन, ब्रायडशाइड. हा फेरीचा सर्वांत खालचा भाग, आणि विमानतळावरून घेतलेली गाडी इथे का चालत नाही, ते इथे पायाला कळतं. उतारावर एकामागून एक वळणं येतात, प्रत्येकापाशी ब्रेक लागतो आणि मधे थंड व्हायला वेळ मिळत नाही. साध्या गाडीचं ब्रेक ऑइल तापून उकळायला लागतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ होऊन खाली जातं. वास आधी येतो. वास आला की वेग उतरवा, गिअर खाली आणा, उरलेली फेरी शांतपणे पुरी करा.

ब्रायडशाइडनंतर चढ लागतो. बेर्गवेर्कच्या अलीकडे डावीकडे झुकणारा एक वेगवान भाग आहे. तिथे 1 ऑगस्ट 1976.

रस्ता अर्धा ओला, अर्धा कोरडा. हा फेरा इतका लांब आहे की एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्याला ऊन असतं. निकी लाउडाने पहिल्या फेरीनंतर पावसाचे टायर बदलून कोरड्याचे घातले आहेत. आदल्या वर्षी सात मिनिटांच्या आत इथली फेरी मारणारा पहिला माणूस तोच. या शर्यतीआधी, हा मार्ग सुरक्षित नाही, इथे धावू नये, असं सहकाऱ्यांना सांगणाराही तोच. मतदानात बहुमत त्याच्या विरुद्ध गेलं. दुसऱ्या फेरीत त्याची फेरारी तुमच्या डोळ्यांसमोर वळते, बांधावर आदळते, परत रस्त्यावर फेकली जाते आणि पेट घेते. मागून आलेली गाडी तिच्यावर आदळते. अग्निशामक दल जवळ नाही, कारण बावीस किलोमीटरवर सगळीकडे माणूस उभा करता येत नाही. थांबतात ते त्याचे प्रतिस्पर्धी. आर्तुरो मेर्त्सारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर, हाराल्ड एर्टल. मेर्त्सारिओ ज्वाळांत हात घालून पट्टे सोडवतो. लाउडाला बाहेर ओढतात.

सहा आठवड्यांनी, जखमा पुरत्या भरलेल्या नसताना, लाउडा मोंझाला पुन्हा गाडीत बसला आणि चौथा आला. फॉर्म्युला वनची शर्यत नॉर्डश्लायफेवर मात्र पुन्हा झाली नाही.

म्हणून पुढे पिवळा झेंडा दिसला, की तुमच्या स्विफ्टचा वेग तत्काळ खाली आला पाहिजे. गाडी बंद पडली तर धोक्याचे चारही दिवे लावा आणि कठड्याच्या पलीकडे जा. पुढच्याचा जीव मागच्याच्या सावधपणावर असतो, याचा उघड पुरावा या रस्त्याने दिला आहे.

बेर्गवेर्कपासून लांबच लांब चढ. स्विफ्टचं इंजिन इथे धापा टाकतं आणि वेगवान गाड्या मागून येत राहतात. आरशात बघा, इंडिकेटर द्या, जाऊ द्या. कडेला झाडीत एक जुना तीव्र चढ आहे, 27 टक्क्यांचा. गाड्यांची ताकद तपासायला तुम्ही फावड्यांनी खोदलेला. मग कारुसेल, आतल्या बाजूला काँक्रीटच्या फरशा लावलेलं तिरपं डावं वळण. पूर्वी तिथे पाणी जायला चर होता, आणि त्यात चाकं घालून वळण लवकर संपतं हे काराचिओलाने हेरलं, असं सांगतात. 2001 पासून वळणाला त्याचं नाव आहे. फरशांवर गाडी दणदणते, दात वाजतात, आणि ताबा मात्र विलक्षण घट्ट असतो. माझ्या मते पूर्ण फेरीत जास्तीत जास्त आनंद इथे आहे, आणि तो कमी वेगातही पुरेपूर मिळतो.

होहे आख्ट हा माथा. खालच्या तळापासून इथवर सुमारे तीनशे मीटर चढलात. पुढचं भराभर येतं: ब्र्युनखेन, जिथे कठड्यापलीकडे लोक खुर्च्या टाकून बघत बसतात, फ्लान्त्सगार्टनचे उंचवटे, श्टेफान बेलोफच्या नावाची वळणं. त्याने 1983 मध्ये पोर्श 956 मधून 6 मिनिटं 11.13 सेकंदांत फेरी मारली, आणि हा आकडा 35 वर्षं टिकला. 2018 मध्ये टिमो बेर्नहार्डने तो 5:19.546 वर आणला. शेवटी ड्योटिंगर ह्योहेचा सरळ पट्टा, आणि बाहेरची वाट. हा सरळ पट्टा ब्रेक आणि टायर थंड करायला वापरा.

पुण्या-चाकणच्या मोटार कारखान्यांतून जर्मनीला कामाला गेलेले, तिथे शिकणारे आणि मुलांकडे राहायला जाणारे असे खूप मराठी लोक आता या रस्त्यापासून दोन-चार तासांवर राहतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, तर जरूर जा. शेजारी शिक्षक बसवून जा, पहिली फेरी रस्ता पाठ करण्यासाठी ठेवा, पाऊस सुरू झाला तर उरलेल्या फेऱ्यांचे पैसे सोडून द्या. विमानतळावरून घेतलेली गाडी मात्र बाहेरच्या वाहनतळावर उभी करा, आणि फाटकातून आत अजिबात नेऊ नका.