शब्दकोड्यातील ‘अस्वस्थ’ करणारे शब्द

‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात आर्थर विन याने हिऱ्याच्या आकाराचे शब्दकोडे प्रसिद्ध केले. त्यातील सूचना बव्हंशी सरळ व्याख्यांच्या स्वरूपाच्या होत्या. अशा कोड्यात ‘एखाद्यास अस्वस्थ करणे’ एवढीच सूचना असल्यास उत्तर शोधणे हे कोशाचे काम होय. घरे पाच असतील तर ‘अपसेट’ वा ‘शेक’, सहा असतील तर ‘रॅटल’, सात असतील तर ‘डिस्टर्ब’ किंवा ‘अनर्व्ह’. निवाडा छेदणाऱ्या शब्दांच्या अक्षरांनी व्हावयाचा. रॉजेच्या १८५२ च्या पर्यायकोशाला त्यामुळे एक अनपेक्षित वाचकवर्ग लाभला.

इंग्लंडात मात्र या शब्दांचे कार्यच पालटले. ‘ऑब्झर्व्हर’ मध्ये १९२६ पासून एडवर्ड पॉविस मॅदर्स हा ‘टॉर्केमाडा’ या नावाने कूटसूचनांची कोडी रचू लागला. अक्षरांची उलटापालट करावयाची असल्यास तसे कंसात सांगण्याचा प्रघात आरंभी होता. पुढे ती खूण वाक्यातच लपविली जाऊ लागली, आणि अस्वस्थतेचे हे सर्व पर्याय उत्तर न राहता आज्ञा बनले. ‘चेंज लेटर, व्हेन अपसेट’ अशी सूचना घ्यावी. येथे कोणीही मनुष्य अस्वस्थ झालेला नाही; ‘लेटर’ या शब्दाची पाच रोमन अक्षरे विस्कटली की ‘ऑल्टर’ मिळतो, आणि ‘चेंज’ हा त्याचा अर्थ.

सोडविणाऱ्यास फसवावे, पण त्याच्याशी खोटे बोलू नये, हा दंडक टॉर्केमाडानंतर त्या स्थानी आलेल्या डी. एस. मॅक्नट ऊर्फ ‘झिमेनीझ’ याने १९६६ च्या आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडला. खरी कसोटी येथे व्याकरणाची आहे. ‘शेक’ हे क्रियापद सकर्मक तसेच अकर्मकही असल्याने ‘लेटर शेक्स’ म्हटले असता अक्षरे स्वतःच हलतात. ‘लेटर डिस्टर्ब्स’ मध्ये ती दुसऱ्या कशास तरी हलवितात, स्वतः जागची ढळत नाहीत. ती सूचना सदोष ठरते. मराठीत ‘हलणे’ आणि ‘हलविणे’ ही रूपेच भिन्न असल्याने हा संदेह सहसा उद्भवत नाही. शिवाय देवनागरी कोड्यातील एका घरात मात्रेसह पूर्ण अक्षर बसते, सुटा वर्ण नव्हे; त्यामुळे विस्कटण्यासारखे घटकच येथे थोडे उरतात.