पाण्याने अडवलेला धागा

आमच्या घरामागे आड होता. माझ्या लहानपणी त्यावर काथ्याचा दोर असे. पावसाळ्यात तो कुजे, एखाद्या पहाटे तुटे, आणि तळाशी गेलेला पोहरा गळ टाकून काढण्याचे काम माझ्यावर येई. पुढे वडिलांनी बेळगावच्या बाजारातून नायलॉनचा दोर आणला. तो वर्षानुवर्षे टिकला. आजीने एकदा विचारले, "हा कुजत कसा नाही रे?" मला उत्तर देता आले नाही.

मी इतिहासाचा एम. ए. विज्ञानाचे शिक्षक कमी पडले की दहावीचा तास माझ्या वाट्याला येई. त्या निमित्ताने या धाग्याचा इतिहास मी वाचला.

1920 साली जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान स्टाउडिंगर यांनी मांडले की रबर, कापूस यांसारखे पदार्थ म्हणजे हजारो अणूंच्या लांबच लांब साखळ्या आहेत. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, असे त्या काळच्या अनेक मान्यवर रसायनशास्त्रज्ञांचे मत होते. वाद वर्षानुवर्षे चालला. अमेरिकेतील वॉलेस कॅरोदर्स हे हार्वर्डमधील अध्यापन सोडून 1928 साली ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आले. त्यांनी ठरवले की वाद घालण्यापेक्षा साखळी एकेक कडी जोडून आपणच तयार करावी.

युक्ती साधी होती. ज्याच्या दोन्ही टोकांना आम्ल आहे असा एक रेणू घ्यायचा आणि दोन्ही टोकांना अल्कोहोल असलेला दुसरा. दोघांचे हात जुळले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि बंध तयार होतो. दुसरी टोके मोकळीच असल्याने साखळी वाढत जाते. यालाच संघनन बहुवारिक म्हणतात.

पण रेणुभार पाच-सहा हजारांच्या पुढे जाईना. अडथळा होता तो त्या पाण्याचाच. बाहेर पडलेले पाणी तिथेच राहिले की जुळलेले बंध पुन्हा तोडते. हिशेब पाहा. शंभर कड्यांपैकी पाच जोड सुटे राहिले, तर साखळी सरासरी वीस कड्यांचीच होते. एकच सुटा राहिला तर शंभर कड्यांची. म्हणजे पंच्याण्णव टक्के काम झाले तरी हाती काहीच नाही; खरी ताकद शेवटच्या चार-पाच टक्क्यांत असते!

मग निर्वात पात्रात, तापलेल्या मिश्रणापासून अगदी थोड्या अंतरावर थंड पृष्ठभाग ठेवून पाणी सतत काढून घेतले गेले. एप्रिल 1930 मध्ये ज्युलियन हिल यांनी त्या पदार्थात काडी बुडवून ओढली, तर लांब तंतू निघाला. गार झाल्यावर ताणला, तर तो आणखी बळकट झाला. मात्र गरम पाण्यात तो टिकेना. म्हणून अल्कोहोलऐवजी अमाइन घेतले. 28 फेब्रुवारी 1935 रोजी सहा कार्बनचे आम्ल आणि सहा कार्बनचे अमाइन यांपासून नायलॉन 66 तयार झाले. ते 260 अंश सेल्सियसच्या आसपास वितळते.

आणखी एक अट होती. दोन्ही घटक समसमान हवेत. एक जास्त झाला की सर्व टोकांवर त्याचेच हात उरतात आणि साखळी थांबते. हे समजावायला मी एकदा मैदानावर आमची आणि शेजारच्या कन्नड शाळेची मुले एकाआड एक उभी केली. आमची मुले जास्त होती. रांगा तुटक राहिल्या, दोन्ही टोकांना आमचीच मुले, धरायला हात नाही. तिकडची आणखी मुले आली, तेव्हा एकच रांग फाटकापर्यंत पोहोचली. निराळे काही सांगावे लागले नाही.

कॅरोदर्स यांना नैराश्याने ग्रासले होते. आपल्या हातून काही झाले नाही, असे त्यांना वाटत राहिले. 29 एप्रिल 1937 रोजी, एक्केचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, त्यांनी आत्महत्या केली. नोव्हेंबरात त्यांची मुलगी जन्मली. 1938 साली नायलॉनची घोषणा झाली, 1940 साली त्याचे मोजे दुकानांत आले. स्टाउडिंगर यांना 1953 साली, तर कॅरोदर्स यांचे सहकारी पॉल फ्लोरी यांना 1974 साली नोबेल मिळाले.

परीक्षेत मागे पडून खचलेला विद्यार्थी समोर आला की मला कॅरोदर्स आठवतात. त्याला मी गुण विचारीत नाही. आधी जवळ बसवून घेतो.

आजी आता नाही. असती तर सांगितले असते: काथ्या कुजवणाऱ्या जंतूंना ही साखळी सहजी तोडता येत नाही, आजी, ती जोडतानाच माणसांनी फार कष्ट घेतले होते.