नेपानगरचा विलंब आणि त्याचा हिशेब

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगर हे गाव एका कारखान्याबरोबर वसले. वृत्तपत्रांचा कागद या देशातच व्हावा, या हेतूने जानेवारी 1947 मध्ये ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’ ही कंपनी स्थापन झाली. सालईचे लाकूड आणि बांबू यांपासून वर्षाला 30,000 टन कागद काढावयाचा, असा संकल्प होता. उत्पादन सुरू झाले ते 1955 मध्ये. आणि 26 एप्रिल 1956 रोजी पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्रास अर्पण केला. तोवर वृत्तपत्रांचा सारा कागद परदेशी चलन मोजूनच आणावा लागे.

मधल्या आठ वर्षांचा दोष कोणाचा? खासगी प्रवर्तकांचा म्हणावे, तर ऑक्टोबर 1949 मध्ये व्यवस्थापन मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारकडे गेले. सरकारचा म्हणावे, तर तत्पूर्वीच पावणेतीन वर्षे सरली होती. शिवाय ही आठही वर्षे विलंबाची नव्हेत. रानात कारखाना उभारावयास काही काळ लागणारच. त्या वाजवी काळाहून जे अधिक लागले, तेवढाच विलंब होय.

बांधकामाच्या तंट्यांत लवादापुढे हाच प्रश्न येतो. मालक म्हणतो, कंत्राटदाराने दिरंगाई केली. कंत्राटदार म्हणतो, नकाशे व पैसा वेळेवर मिळाला नाही. पुष्कळदा दोघांचेही खरे असते. अशा वेळी कोणाचा उशीर मोठा, हे पाहून भागत नाही. समजा, कामगारांची घरे आठ महिने रखडली आणि यंत्रे सहा महिने. घरांवाचून कागद कसाबसा निघेल, यंत्रांवाचून निघणार नाही. म्हणून उत्पादन लांबल्याचे कारण यंत्रेच ठरतात. 1957 च्या सुमारास अमेरिकेत पुढे आलेल्या ‘क्रिटिकल पाथ’ पद्धतीचे मर्म हेच आहे.

नेपानगरनेच याचा दुसरा धडा पुढे दिला. पुनरुज्जीवनाची योजना 2012 मध्ये मंजूर झाली. 2016 मध्ये उत्पादन थांबले. 2018 मध्ये वाढीव निधी मिळाला आणि ऑगस्ट 2022 मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला. या काळातच 2020 ची महामारी आली. तिच्यामुळे पुढील काही महिने गेले असतील. परंतु तिच्या आधीचा एकही दिवस तिच्या माथी मारता येणार नाही. कावळा बसला म्हणून फांदी मोडली, असा काकतालीय न्याय लवादापुढे टिकत नाही.

1872 च्या करार कायद्याची दृष्टीही अशीच आहे. कलम 73 प्रमाणे करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या हानीचीच भरपाई मिळते, दूरान्वयाच्या हानीची नव्हे. मुदत हाच ज्या कराराचा गाभा, तेथे उशिरा झालेले काम स्वीकारताना नोटीस दिली नाही, तर कलम 55 प्रमाणे भरपाईचा हक्क उरत नाही. म्हणूनच कामावरील रोजनिशी, पत्रे आणि मालाच्या पावत्या यांचे मोल मोठे. वाद पेटल्यानंतर रचलेल्या हकिकतीपेक्षा त्या त्या दिवशी लिहिलेली एक ओळ लवादाच्या अधिक उपयोगी पडते.